फळांचा सुकाळ आणि घरचा पाव

वैशाख-ज्येष्ठांत कोंकणामध्यें फळांचा एवढा सुकाळ होतो कीं, घरच्या माणसांनीं व पाहुण्यारावळ्यांनीं पोटभर खाऊनहि कांहीं फळें वायां जातातच. पिकणाऱ्या फळांतून एथिलीन नांवाचा वायु निघतो व तो शेजारच्या फळांसहि पिकवितो. म्हणून केळीचा घड एकदां पिकूं लागला कीं दोन-चार दिवसांत सारा पिकतो. बाजारांतहि त्याच वेळीं तोच माल आलेला असल्यामुळें दर उतरतो. अशा वेळीं फळ राखण्याचे आपले जुने उपाय आहेतच. वसईकडे केळीं वाळवून सुकेळीं करतात. आंब्याचें साठ व फणसाची पोळी तर घरोघरीं घालतात. या उपायांस आणखी एकाची जोड देतां येते. तो उपाय म्हणजे फळ घालून घरींच भाजलेला पाव.

परंतु या कामीं एक कोडें पडतें. केळें घातलेला पाव चांगला फुगतो; कच्चें अननस वाटून घातलेलें पीठ मात्र पातळ व चिकट होऊन बसतें. पीठ तेंच, यीस्ट तेंच, मळणारे हातहि तेच; मग असें कां व्हावें? याची उकल झाल्यावांचून केवळ कृति सांगणें व्यर्थ होय. म्हणून आधीं पाव फुगतो कसा, तें पाहूं.

विद्यार्थ्यांनीं घरीं एक सोपा प्रयोग करावा. मूठभर मैदा घट्ट भिजवून अर्धा तास ठेवावा व मग तो गोळा पाण्यांत हळूहळू चोळून धुवावा. कुरडयांच्या चिकासारखें पांढरें पाणी निघून जाईल व हातांत रबरासारखा ताणला जाणारा एक पदार्थ राहील. तोच ग्लूटेन. इटलींतील बोलोन्या शहरच्या बेकारी या विद्वानाचें या प्रयोगाविषयींचें लेखन १७४५ सालीं प्रसिद्ध झालें. ग्लूटेन हें गव्हांतील प्रथिन होय. पीठ मळतांना त्याचें जाळें तयार होतें. यीस्ट हे सूक्ष्म जीव असून ते साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायु सोडतात. तो वायु त्या जाळ्यांत असंख्य लहान फुग्यांप्रमाणें कोंडला जातो आणि पीठ फुगतें. ‘पाव’ हा शब्द आपणांस पोर्तुगीज भाषेकडून मिळाला. गोव्यांतील पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वीं पीठ आंबविण्यासाठीं माडाची सूर वापरीत. कारण तिच्यांत यीस्ट आपोआपच वाढलेलें असतें.

आतां कोड्याचें उत्तर सोपें झालें. मटण लवकर शिजावें म्हणून आपल्याकडे त्याला कच्च्या पपईचा गर लावतात. पपईच्या चिकांत पपेन नांवाचें द्रव्य असतें व तें मांसांतील प्रथिनें तोडतें. अननसांत ब्रोमेलेन नांवाचें अशाच गुणाचें द्रव्य असतें. अननसाचें फळ पुष्कळ खाल्लें असतां जीभ चुरचुरते, त्याचें एक कारण हेंच. जें द्रव्य मांसाचें प्रथिन तोडतें तें पिठाच्या प्रथिनास कसें सोडील? ग्लूटेनचें जाळें तुटतें, वायु निसटून जातो व पीठ बसतें. मात्र उष्णतेपुढें हीं द्रव्यें टिकत नाहींत. अननसाच्या फोडी त्यांच्याच रसांत दहा मिनिटें चांगल्या उकळून, पूर्ण निववून, रस निथळून घातल्या, तर पावास अपाय होत नाहीं. पिकलेल्या पपईंत पपेन फार कमी असतें, तरी तिचा गरहि उकळून घेणें बरें.

केळ्याची गोष्ट निराळी. हिरव्या केळ्याच्या गरांत शेंकडा सुमारें २० ते २५ भाग पिष्ट असतें. पूर्ण पिकतांना त्यांतील बहुतेकाची साखर होते. म्हणून सालीवर काळे ठिपके पडलेलें केळें पावासाठीं उत्तम. त्यांत वेगळी साखर लागत नाहीं. आंब्याचा रसहि चालतो. मात्र साखर घालून आटविलेला रस पुष्कळ घालूं नये. मुरंब्यांतील साखर ज्याप्रमाणें सूक्ष्म जीवांतील पाणी ओढून घेऊन त्यांस वाढूं देत नाहीं, त्याचप्रमाणें अति गोड पिठांत यीस्टहि मंदावतें.

आतां कृति सांगतों. मैदा व कणीक प्रत्येकीं २५० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम व कोरडें यीस्ट ५ ग्रॅम एकत्र करावें. त्यांत कुस्करलेलीं पिकलीं केळीं २५० ग्रॅम व दोन चमचे तेल घालावें. केळ्यांत सुमारें तीन-चतुर्थांश पाणीच असतें. म्हणून वरचें पाणी एकदम न ओततां थोडथोडें, सुमारें अर्धा पेला, लागेल तसें घालावें. दहा मिनिटें मळून पीठ ओल्या फडक्याखालीं ठेवावें. उन्हाळ्यांत तासा-दीड तासांत तें दुप्पट होतें. थंडींत अधिक वेळ लागतो. मग त्याचा लांबट गोळा करून तेल लावलेल्या डब्यांत ठेवावा व पुन्हां फुगूं द्यावा. भट्टी १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सुमारें ४० मिनिटें भाजावें. फळांतील साखरेमुळें वरचा पापुद्रा लवकर काळवंडतो. तसें दिसतांच वर झांकण ठेवावें. पाव उलटून तळाशीं टिचकी मारली असतां पोकळ आवाज आला, म्हणजे तो आंत भाजला असें समजावें. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यांत तळाशीं वाळू घालून व झांकणावर निखारे ठेवून भाजतां येतें. कोंकणांतील गृहिणी धोंडस याच रीतीनें भाजीत आल्या आहेत. निखाऱ्यांचें काम मात्र मुलांनीं वडील माणसांच्या देखरेखीखालींच करावें.

दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अति पिकलेलें फळ चालतें, पण बुरशी आलेलें फळ कापून उरलेला भागहि वापरूं नये. तसेंच फळाच्या ओलाव्यामुळें हा पाव पावसाळ्यांत लवकर बुरसतो. दोन दिवसांत संपवावा.

फळाचा स्वभाव ओळखून त्यास योग्य ते संस्कार केले, म्हणजे उकिरड्यावर जाणारें केळें मुलांच्या न्याहारीस येतें व पीठहि फुकट जात नाहीं. येत्या सुटींत विद्यार्थ्यांनीं आईच्या संमतीनें पिठाचे दोन लहान गोळे करून एकांत कच्चें अननस व दुसऱ्यांत उकळलेलें अननस घालून पाहावें. तासाभरांत दोन्ही गोळ्यांतील भेद त्यांस डोळ्यांनीं दिसेल, आणि पुस्तकांतील रसायनशास्त्र आपल्या चुलीपाशींच वावरत असल्याची खात्री पटेल.