वरवंटा नव्हे, जातं!

पाट्यावर वाटण वाटताना हात का भरून येतात? वरवंटा पुढे ढकलायचा, थांबवायचा, मागे ओढायचा, पुन्हा थांबवायचा. जात्याचं तसं नाही. एकदा गरगरलं की फिरतच राहतं. तुमच्या मोटारसायकलीतला पिस्टन म्हणजे अस्सल वरवंटा. मिनिटाला हजारो वेळा धावतो आणि थबकतो. मग इंजिनाचंच जातं केलं तर?

जर्मनीच्या फेलिक्स वांकेलनं तेच केलं. 1957 साली सुरू झालेल्या त्याच्या पहिल्या प्रयोगात तर आतला रोटर फिरायचाच, वर बाहेरचं घरही फिरायचं! पुढे घर स्थिर झालं, पण गंमत उरलीच.

भुईमुगाच्या शेंगेसारखी, मध्ये किंचित आवळलेली पोकळी डोळ्यांपुढे आणा. तिच्यात फुगीर कडांचा तिकोनी समोसा, म्हणजेच रोटर. तो झुलत झुलत फिरतो, पण तिन्ही टोकं भिंतीला सदैव चिकटलेली. त्यामुळे तीन कप्पे होतात. एक हवा-इंधन ओढतोय, दुसऱ्यात ते दाबलं जाऊन पेटतंय, तिसरा धूर हाकलतोय. आणि हे सगळं एकाच वेळी! व्हॉल्व्ह नाहीत. समोशाचा एक फेरा होईतो मधला दांडा तीन फेरे मारतो.

खरी परीक्षा टोकांवरच्या सील-पट्ट्यांची. त्या थरथरून भिंतीवर चरे पाडायच्या. माझदाच्या जपानी इंजिनियरांनी त्या चऱ्यांना नाव दिलं, सैतानाच्या नखांचे ओरखडे!

बीदरजवळच्या जनवाड्याच्या शिवारात मान वर केली की बीदरच्या हवाई तळावरची शिकाऊ जेट दिसतात. त्या गर्जनेत आपल्याच कर्नाटकातलं एक बिनमाणसाचं विमान कुणाच्या लक्षातही आलं नसेल. ‘निशांत’ त्याचं नाव. ट्रकवरच्या रुळावरून भिरकावलं जायचं, पॅराशूटनं उतरायचं. त्याचं परदेशी इंजिन बदलून तिथे असंच देशी जातं बसवायला आपल्या देशातल्या तीन प्रयोगशाळा एकत्र आल्या. बंगळूरच्या एनएएलनं ॲल्युमिनियमच्या घराला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप दिला. चरे कुठे पडतात, ते ठाऊक होतं ना! इंधन आणि ठिणगीची व्यवस्था केली अहमदनगरच्या व्हीआरडीईनं, उड्डाणाची जबाबदारी घेतली बंगळूरच्या एडीईनं.

तयार झालेलं इंजिन केवढं? वजन जेमतेम 30 किलो, म्हणजे ज्वारीच्या अर्ध्या पोत्याहूनही हलकं. ताकद मात्र 55 अश्वशक्तीची!

5 एप्रिल 2009 रोजी चित्रदुर्ग जिल्ह्यात हे देशी जातं घेऊन निशांत 1.8 किलोमीटर उंच चढलं आणि सुमारे 40 मिनिटांनी सुखरूप खाली आलं.