3 मिलिमीटरसाठी अख्खं जग एकत्र!

डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला, तर थर भरेल जेमतेम 3 मिलिमीटर. दोन नाणी एकावर एक ठेवा, झालं! सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपली कातडी आणि शेतातली पिकं वाचतात ती एवढ्याशा वायूच्या जिवावर.

तो कुरतडत होते सीएफसी, म्हणजे फ्रिज, एसी आणि स्प्रेच्या डब्यांतले वायू. त्यांतल्या क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे लाखभर रेणू फस्त करू शकतो. मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी 1974 मध्येच धोक्याची घंटा वाजवली होती. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचं भगदाड जगासमोर आलं आणि 16 सप्टेंबर 1987 ला असे वायू आवरणारा माँट्रियल करार झालासुद्धा. आज जगातला प्रत्येक देश त्यात आहे.

भारत आणि चीन मात्र सुरुवातीला बाहेरच राहिले, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. वायू उधळले श्रीमंत देशांनी. मग नव्या तंत्रज्ञानाचा भुर्दंड गरिबांनी का सोसायचा? 1990 च्या लंडन बैठकीत भारताची बाजू तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधींनी लावून धरली. तिथेच ठरलं की श्रीमंत देश पैसे घालतील आणि त्या निधीतून विकसनशील देशांतले कारखाने बदलतील. वर्षाला माणशी 0.3 किलोपेक्षा कमी वापर असलेल्या विकसनशील देशांना 10 वर्षांची सवलत मूळ करारातच होती. भारत 1992 मध्ये आत आला, आणि 2010 ची मुदत असताना 1 ऑगस्ट 2008 पासूनच सीएफसीचं उत्पादन बंद केलं. अपवाद होता फक्त दम्याच्या इन्हेलरचा. श्वास कोंडलेल्या माणसाला थांबा कसं म्हणणार?

बंदी मोडून चोरी? तीही पकडली जाते. सीएफसी-11 चं उत्सर्जन पुन्हा वाढल्याचं 2018 मध्ये उघड झालं. कोरियाच्या जेजू बेटावरच्या आणि जपानच्या हातेरुमा बेटावरच्या केंद्रांनी वाऱ्याबरोबर आलेला वायू मोजला आणि माग थेट पूर्व चीनपर्यंत लागला. पुढे उत्सर्जन झपाट्याने उतरलं.

सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला हात लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. म्हणून 2016 मध्ये रवांडातल्या किगालीत पुन्हा बैठक बसली. तिथेही तोच न्याय: श्रीमंत देशांची कपात 2019 पासून, भारताची 2032 पासून.

घरातल्या फ्रिजच्या मागचं लेबल जरूर वाचा. ‘आर-600ए’ लिहिलं असेल, तर आत आयसोब्युटेन आहे: ओझोनला धक्का नाही, तापमानवाढही नगण्य.