नायसीयाची धर्मसभा : एका शब्दासाठी छप्पन्न वर्षे

ईस्टरचा सण दरवर्षी पुढेमागे सरकतो, हे आपल्याकडील अनेकांच्या ध्यानात आले असेल. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा पहिला रविवार, असा त्याचा स्थूल नियम आहे. एकादशी स्मार्तांची कोणती व भागवतांची कोणती, हे पंचांगात पाहूनच उपवास धरणाऱ्या आपल्या वाचकांस याचे नवल वाटू नये. प्राचीन ख्रिस्ती समाजातही हा सण कोणत्या दिवशी पाळावा यावरून मोठा वाद होता. तो मिटविण्यासाठी जी सभा भरली, तिच्यापुढे मात्र याहून कितीतरी गहन प्रश्न उभा होता. त्या सभेची हकीकत आज सणाच्या निमित्ताने आम्ही सांगणार आहोत.

इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरात आरियस नावाचा एक धर्मोपदेशक होता. परमेश्वर एकच, अनादि व अजन्मा. पुत्र जो ख्रिस्त, तो सर्व सृष्टीच्या आधी निर्माण झालेला व सर्वश्रेष्ठ खरा, परंतु निर्मितच, असे त्याचे प्रतिपादन होते. आरियसला केवळ पाखंडी म्हणून बाजूस सारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. ईश्वराचे एकत्व अबाधित राहावे, हीच त्याची तळमळ होती. त्याने आपले मत पद्यात गुंफले, आणि खलाशी व जात्यावर दळणारे यांच्यासाठीही त्याने गीते रचल्याचे जुने इतिहासकार सांगतात. उलट तेथील धर्माध्यक्ष अलेक्झांडर यांचा प्रश्न भक्ताचा होता. ज्याची आपण पूजा करतो तो स्वतःच निर्मित असेल, तर ती पूजा कोणास पोहोचते? आणि निर्मिताने निर्मितास कसे तारावे?

हा कलह साम्राज्याची शांती भंग करील, या भयाने सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये नायसीया येथे धर्माध्यक्षांची सभा बोलाविली. हे स्थान आज तुर्कस्तानात इझ्निक या नावाने ओळखले जाते. परंपरा ३१८ धर्माध्यक्ष जमल्याचे सांगते. प्रत्यक्ष उपस्थित असलेला युसेबियस अडीचशेहून अधिक म्हणतो. येण्याजाण्यासाठी सरकारी वाहने दिली गेली. अवघ्या बावीस वर्षांपूर्वी, ३०३ साली, याच राजसत्तेने ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ आरंभिला होता. जमलेल्यांपैकी काहींच्या देहावर त्या छळाचे व्रण होते. आता सम्राट स्वतः सभागृहात आला आणि धर्माध्यक्षांनी खूण करीपर्यंत आसनावर बसला नाही!

वाद धर्मग्रंथाच्या आधाराने चालला. परंतु ग्रंथातील प्रत्येक वचनाचा अर्थ दोन्ही पक्ष आपापल्या परीने लावू शकत होते. अखेर जो शब्द ग्रंथात नव्हताच, असा ‘होमोऊसिओस’ हा ग्रीक शब्द सभेने मतांगीकारात घातला. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असा त्याचा आशय. सर्वांच्या सह्या घेण्यात आल्या. दोघा धर्माध्यक्षांनी नकार दिला. आरियससह त्यांना हद्दपारी भोगावी लागली. धर्मनिर्णयास राजदंडाची जोड मिळाली ती येथे, आणि आमच्या मते या सभेचे वैगुण्यही हेच.

कारण जो दंड आज एका पक्षाच्या हाती, तो उद्या दुसऱ्याच्या हाती जातो. थोड्याच वर्षांत आरियसला परत बोलावणे गेले. निर्णयाचा खंदा पुरस्कर्ता अथानेशियस अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष झाला, पण त्याला पाच वेळा परागंदा व्हावे लागले. सुमारे ४५ वर्षांच्या कारकिर्दीतील १७ वर्षे त्याने निर्वासनात काढली. खुद्द कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला, तो आरियसच्या कैवाऱ्याच्या हातून! सभांमागून सभा भरल्या. ‘एकतत्त्व’ऐवजी ‘समानतत्त्व’ म्हणावे, असा एक मध्यममार्गही निघाला; ग्रीकमध्ये या दोन शब्दांत एका अक्षराचेच अंतर आहे. पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये तर नाणी मोडून घ्यायला किंवा पाव विकत घ्यायला जावे, तो दुकानदार पिता-पुत्राचे तत्त्वज्ञान ऐकवी, असे निस्साच्या ग्रेगरीने लिहून ठेवले आहे.

३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने नायसीयाचा निर्णय पुन्हा उचलून धरला, तेव्हा कोठे तो साम्राज्यात स्थिर झाला. पुढच्या सभांनाही सर्वांची संमती लाभली नाही. ४५१ मधील काल्सिडनच्या सभेने ख्रिस्ताच्या ठायी दैवी व मानवी असे दोन स्वभाव मानले; ते इजिप्त, आर्मेनिया व सीरिया येथील अनेकांना अमान्य झाले. केरळातील मलंकरा ऑर्थोडॉक्स मंडळी याच अमान्य करणाऱ्या परंपरेतील आहे.

नायसीयाचा मतांगीकार ३८१ मधील वाढीव रूपात आजही उपासनेत म्हटला जातो. सणाच्या तारखेचे मात्र तसे झाले नाही. पूर्वेकडील बहुतेक मंडळ्या अद्याप जुन्या जूलियन कालगणनेने चालतात. सभेस १७०० वर्षे झाली त्या २०२५ साली योगायोगाने दोहोंचा ईस्टर २० एप्रिललाच आला. २०२६ साठी मात्र पश्चिमेच्या गणिताने ५ एप्रिल निघाला, तर पूर्वेच्या गणिताने १२ एप्रिल.