हळदीचा उजेड आणि जिवंत पेशी

नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी घरात असेल, तर मुलांना एक गंमत दाखवा. वाटीत थोडं तेल घ्या, चिमूटभर हळद ढवळा, गाळ खाली बसू द्या. मग खोलीतले दिवे मालवून बॅटरीचा उजेड तेलावर धरा (डोळ्यांवर मात्र नको). तेल हिरवट-पिवळं उजळतं. तीच हळद पाण्यात कालवली, तर उजेड फारसा दिसत नाही.

हळदीतलं कर्क्युमिन न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घेतं आणि दिसणाऱ्या रंगात परत देतं. याला प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली तिला ‘फ्लुरोसन्स’ हे नाव दिलं. कर्क्युमिन तेलकट जागी जास्त चमकतं. त्यामुळे पेशीत शिरलेल्या कर्क्युमिनचा माग दुसरा रंग न लावताही काढता येतो.

पण पेशीत रंग हवाच कशाला? कारण पेशी जवळजवळ पारदर्शक असते. जुन्या पद्धतींत ती बहुधा आधी रसायनाने मारून, मग रंगवून पाहत. मी शाळेत फळ्यावर जी पेशी काढत असे, ती अशीच स्तब्ध: मध्ये केंद्रक, बाजूला तंतुकणिका. खरी पेशी मात्र गजबजलेल्या बाजारासारखी. तिथली ये-जा पाहायची तर ती जिवंतच हवी.

त्यासाठी असे रंग शोधले गेले, जे जिवंत पेशीत शिरतात आणि नेमक्या जागी उजळतात. हेक्स्ट ३३३४२ हा त्यातला एक. या जर्मन कंपनीचं संशोधन केंद्र आपल्या मुलुंडला होतं, ते काहींना आठवत असेल. हा रंग डीएनएला चिकटला की निळा झळकतो, म्हणून केंद्रक दिसतं. ऱ्होडामाइन १२३ या रंगावर धन विद्युतभार असतो. तंतुकणिका आतून ऋणभारित असल्यामुळे तो तिकडे ओढला जातो. तंतुकणिकेचा हा भार गेला, तर तो तिथे साठत नाही. म्हणजे तिची जागाही कळते आणि प्रकृतीही.

यात एक पेच आहे. प्रखर प्रकाश पेशीला इजा करतो. हेक्स्टला उजळवणारा अतिनील प्रकाश तर डीएनएलाच धक्का पोहोचवू शकतो. म्हणजे जास्त स्पष्ट पाहायला जावं, तर जे पाहायचं तेच बिघडायचं. म्हणून प्रकाश कमीत कमी आणि रंगही बेताचाच वापरावा लागतो.

पुढची वाट समुद्राने दाखवली. ओसामु शिमोमुरा यांना जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं, ते १९६२ साली प्रसिद्ध झालं. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ साली त्याचं जनुक एका बारीक कृमीत घातलं आणि कृमीच्या चेतापेशी स्वतःच उजळल्या. रॉजर त्सिएन यांनी त्या प्रथिनाच्या वेगवेगळ्या छटा घडवल्या. तिघांना २००८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल प्रथिन आलं प्रवाळकुळातल्या जिवांकडून, १९९९ साली. आपल्या कुवेतच्या कुब्बर, कारू आणि उम्म अल-मरादिम बेटांभोवती प्रवाळ आहेत. अशी चमकणारी प्रथिनं प्रवाळांच्या अनेक जातींत असतात.

चाल्फींची तीच कृमी मुंबईतही अभ्यासली जाते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका चेतापेशींतली मालवाहतूक पाहतात. लांबलचक चेतातंतूत एका टोकाला तयार झालेला माल दुसऱ्या टोकाला पोहोचवावा लागतो. कृमी जेमतेम एक मिलिमीटरची आणि पारदर्शक, त्यामुळे चमकणारे कण सरकताना जिवंतपणीच दिसतात. पण ती वळवळते, आणि भूल दिली तर वाहतुकीवरच परिणाम होतो. म्हणून कौशिका आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एक उपकरण मांडलं. त्यात मऊ पडदा कृमीला अलगद दाबून धरतो. भूल लागत नाही, आणि पाहून झाल्यावर कृमी पुन्हा मोकळी.

आपल्या चेतातंतूंतही अशीच ने-आण चालते. ती बिघडली की चेतापेशी आजारी पडतात, आणि मेंदूच्या अनेक आजारांत हा बिघाड आढळतो. घरात कुणी वडीलधारं अशा आजाराशी झगडत असेल, तर या छोट्या कृमीकडे एवढ्या जपून का पाहतात, ते वेगळं सांगायला नको. वाहतूक कुठे अडते हे कळायला ती आधी चालू असताना पाहावी लागते.