स्मृती वाढवली आणि यंत्र थबकले

(नभोवाणी भाषण)



इंदूरचे पोलोग्राउंड आता नावापुरतेच खेळाचे मैदान उरले आहे. आज तेथे लहानमोठे कारखाने आहेत, वीज वितरण कंपनीचे मुख्यालय आहे. अशाच एका कारखान्यात घडलेली हकीकत आज मी सांगणार आहे. कारण तिच्यातील प्रश्न घरोघरच्या संगणकाचा आहे.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ तेथे यंत्रांचे सुटे भाग बनवतात. मार्चअखेरच्या हिशेबाची घाई होती. संगणक फार मंद चालतो म्हणून त्यांनी आठ गिगाबाइटच्या जुन्या रॅमच्या जोडीला तेवढ्याच क्षमतेची नवी पट्टी बसवून घेतली. दोन दिवस यंत्र झपाट्याने चालले. तिसऱ्या दिवशी दुपारी पडदा निळा झाला आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. पुढे हे रोजचेच झाले. त्यातच मालाच्या नोंदींत दोन आकडे भलतेच निघाले. मालकांचा संशय हिशेब सांभाळणाऱ्या तरुणावर गेला. “साहेब, मी त्या आकड्यांना हात लावलेला नाही,” एवढेच तो सांगत राहिला. त्याची नोकरी जाण्याची वेळ आली.

यंत्र आपोआप आकडा बदलू शकते काय? होय, बदलू शकते. ते कसे, हे समजण्यासाठी या स्मृतीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित केला. त्याची स्मृती लहान लहान चुंबकीय कड्यांची होती. वीज गेली तरी कड्यांतील नोंद टिकत असे. आजच्या रॅमचे तसे नाही. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली जिचे एकस्व मिळाले, त्या रचनेत प्रत्येक नोंद म्हणजे एका सूक्ष्म कोठीत साठवलेला किंचितसा विद्युत्भार असतो. ही कोठी गळकी असते. म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कोठी वाचून पुन्हा भरावी लागते. आठ गिगाबाइटच्या पट्टीत अशा सुमारे ६,८७० कोटी कोठ्या असतात. एवढ्या पसाऱ्यात एखादी कोठी वेळेवर भरली गेली नाही किंवा घाईने चुकीची वाचली गेली, तर शून्याचा एक होतो.

समजा, एका नोंदीत १२,५०० हा आकडा आहे. द्विमान पद्धतीने मांडलेल्या त्या आकड्यातील ३२,७६८ किमतीच्या जागी शून्याऐवजी एक आला, की तोच आकडा ४५,२६८ होतो. हीच चूक हिशेबाऐवजी यंत्राला चालवणाऱ्या आज्ञेत झाली, तर यंत्र गोंधळते आणि निळा पडदा दिसतो. अशा चुका ओळखून दुरुस्त करण्याची रीत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० सालीच प्रसिद्ध केली होती. मोठ्या सर्व्हरांत तशी सोय असते. कचेरीतील साध्या संगणकात ती बहुधा नसते.

आता तपासाकडे वळू. प्रथम दुरुस्ती करणाऱ्याने विंडोज नव्याने घातले. गुण आला नाही. मग नवी पट्टी सदोष ठरवून दुकानातून बदलून आणली. तरीही गुण आला नाही. येथे त्या तरुणाची एक सवय कामी आली. यंत्र केव्हा बंद पडले आणि त्या वेळी कोणकोणती कामे चालू होती, हे तो वहीत टिपून ठेवीत असे. पट्टी बसवण्याच्या आधीच्या पानांवर अशी एकही नोंद नव्हती. आणि नंतरचे बहुतेक बिघाड पुष्कळ कामे एकदम उघडी असतानाचे होते. जितकी अधिक स्मृती वापरात येईल, तितकी सदोष जागेवर पाय पडण्याची शक्यता अधिक, हे उघडच आहे.

मग शिस्तीने परीक्षा सुरू झाली. यंत्र बंद करून वीजजोडणी काढावी आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी यंत्राच्या उघड्या धातूला स्पर्श करावा; माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावरील स्थिर विद्युत् नाजूक भागांना घातक ठरते. पट्टी कट् असा आवाज होऊन दोन्ही बाजू बसेपर्यंत दाबावी. मात्र ती बसतच नसेल तर बळजबरी करू नये. डीडीआर-३, ४ आणि ५ या पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच निरनिराळ्या ठिकाणी असते, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

त्यानंतर एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये ठेवून ‘मेमटेस्ट’सारखी चाचणी रात्रभर चालवावी. विंडोजमध्येही अशी चाचणी असते. या परीक्षेत पस्तीस गुणांनी उत्तीर्ण होता येत नाही. एकही चूक दिसता कामा नये. मग पट्ट्यांची अदलाबदल करावी. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी सदोष. पट्टी कोणतीही असो, दोष त्याच स्लॉटमध्ये राहिला तर स्लॉट किंवा मदरबोर्ड सदोष. तेथे आधी धूळ पाहावी. आणि एकेकटी पट्टी निर्दोष, पण दोन्ही मिळून चुका, असे झाले तर जोडी जमत नाही असे समजावे.

पोलोग्राउंडच्या यंत्रात हा तिसरा प्रकार निघाला. जुनी पट्टी सेकंदाला २४० कोटी वेळा देवघेव करण्यासाठी बनलेली, नवी ३२० कोटी वेळा. अशा वेळी यंत्र सामान्यतः धिम्या पट्टीच्या चालीने चालते. परंतु बसवणाऱ्याने वेग वाढावा म्हणून बायोसमध्ये नव्या पट्टीची चाल दोघींवर लादली होती. एक बैल तडफेचा आणि दुसरा संथ असताना दोघांना एकाच जुवाखाली घालून पराणी टोचावी, तसे हे झाले. ती सक्ती काढून दोन्ही पट्ट्या २४० कोटींच्या चालीवर आणल्या. रात्रभराच्या चाचणीत एकही चूक आढळली नाही.

तरी काम संपले नव्हते. सदोष स्मृतीतून गेलेली नोंद डिस्कवर चुकीचीच लिहिली जाते, आणि स्मृती सुधारली म्हणून ती सुधारत नाही. म्हणून पट्टी बसवण्याच्या आदल्या दिवशीची हिशेबाची प्रत काढली आणि पुढच्या नोंदी मूळ बिलांवरून पुन्हा घातल्या. ते दोन्ही आकडे बिलात बरोबरच होते. येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी: यंत्र बिघडलेले असताना जुन्या चांगल्या प्रतीवर नवी प्रत कधीही लिहू नये, ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी. त्याचप्रमाणे स्मृतीची परीक्षा होईपर्यंत विंडोज नव्याने घालण्याचा खटाटोपही करू नये.

अशा चुका विरळा आहेत असे कोणी मानू नये. गूगलच्या हजारो सर्व्हरांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली; तिच्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत स्मृतीची निदान एक तरी चूक नोंदली गेली होती.

मालकांनी त्या तरुणाला सर्वांसमक्ष बोलावून आपली चूक कबूल केली. तो आजही तेथेच हिशेब पाहतो, आणि ती वही अजूनही संगणकाशेजारी असते. आपल्या यंत्रात काही बदल कराल, तेव्हा तारीख टिपून ठेवा. एका वेळी एकच बदल करा. आणि माणसावर ठपका ठेवण्यापूर्वी एक रात्र यंत्राची परीक्षा घ्या.