घरकुल मंजूर, पण जागा कुणाची?
घर पाहावं बांधून : लेखांक 7

मागच्या लेखांकात घरकुल योजनांची यादी आणि पात्रता पाहिली. त्याच योजना पेण आणि रोहा तालुक्यांत येऊन नेमक्या कुठे अडतात, ते आज पाहू.

आधी रकमांची उजळणी. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. राज्याने 2025 मध्ये त्यात 50 हजारांची भर घातली, पैकी 15 हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतली 90 दिवसांची मजुरी वेगळी. कातकरी ही आदिम जमात असल्याने नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’मधून त्यांच्या घराला थेट 2 लाख मिळतात. घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे 269 चौरस फुटांचे हवे.

एवढ्यात घर पुरे होत नाही, ही ओरड खरीच आहे. पण वाड्यांवर गाडी त्याआधीच अडते. पहिला प्रश्न येतो : ज्या जागेवर बांधायचे, ती कुणाच्या नावावर?

कातकऱ्यांच्या कुडाच्या घरांखालची जमीन बहुतेक वेळा तीनपैकी एका प्रकारात मोडते. काही वाड्या खासगी मालकाच्या सातबाऱ्यावर आहेत. आजोबा त्या शेतावर राबायला आले, बांधावर झोपडी घातली आणि तिची वाडी झाली. काही सरकारी गुरचरणीवर आहेत, तर काही वनखात्याच्या हद्दीत किंवा दळीच्या, म्हणजे वनखात्याने कसायला दिलेल्या, जमिनीलगत. तिन्ही ठिकाणी ग्रामपंचायत घरपट्टी आकारू शकते, असेसमेंटचा उताराही देते. मात्र तो उतारा कर भरल्याचा पुरावा असतो, मालकीचा नव्हे. मालकाने हरकत घेतली की मंजूर घरकुलाचे जोतेही उभे राहत नाही.

वाटा आहेत, पण प्रत्येक वाट वेगळ्या कार्यालयात जाते. खासगी जागेवरच्या शेतमजुराच्या राहत्या घराला 1948 च्या कुळकायद्याने संरक्षण दिले आहे. तो अर्ज तहसीलदारांकडे. वनजमिनीवर 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनची वस्ती असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा, आणि त्याची सुरुवात ग्रामसभेच्या वनहक्क समितीपासून. गुरचरणीवरची वाडी गावठाणात घ्यायची तर गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम 122 नुसार जिल्हाधिकाऱ्यांचा. जागा विकत घ्यायची तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंत मदत मिळते. सुरुवातीला ती 50 हजारांपर्यंत होती, आता 1 लाखापर्यंत आहे. पाचशे फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. पण अटल सेतू झाल्यापासून आणि पेण तालुक्यातली गावेही नव्या शहराच्या आराखड्यात आल्यापासून इथे जमिनीकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. अर्धा गुंठा तोडून द्यायला मालक सहसा राजी होत नाही.

दुसरी अडचण हंगामाची. पेण-रोह्यात बांधकाम चालते ते पाऊस उघडल्यापासून मे अखेरपर्यंत. नेमक्या याच दिवसांत, दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घरकुलाचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात. जोते झाले, भिंती झाल्या की अभियंत्याने येऊन फोटो काढायचा, मग पुढचा हप्ता. अभियंता येतो तेव्हा दाराला कुलूप. उचल फिटल्याशिवाय भट्टी सोडता येत नाही आणि भट्टी सोडल्याशिवाय घर पुढे सरकत नाही. अशा वेळी काम ठेकेदाराच्या हाती जाते आणि लाभार्थ्याची देखरेख संपते.

तिसरी अडचण मतांची. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे इथे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा लागू नाही. पालघर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रातली वाडी स्वतंत्र गाव म्हणून स्वतःची ग्रामसभा मिळवू शकते. इथली वाडी मोठ्या ग्रामपंचायतीचा एक कोपरा ठरते आणि घरकुलांच्या प्राधान्ययादीवर चर्चा होते तेव्हा सभेत वाडीतली माणसे मोजकीच असतात.

शहरातली गोष्ट फार निराळी नाही. पेण नगरपरिषद आणि रोहा अष्टमी नगरपरिषद यांच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक, असे अडीच लाख मिळतात. पण मिळकत पत्रिका पणजोबांच्या नावावर, वारस वीस, त्यातले निम्मे मुंबईला. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत बांधकाम परवानगीचा अर्ज पडून राहतो.

म्हणून स्थानिक संस्थांनी किती घरे मंजूर केली, एवढ्यावर त्यांचे काम मोजू नये. किती घरांखालची जागा नावावर करून दिली, हे विचारावे. ग्रामपंचायतीला जमीन देता येत नाही. पण वाडीवार जागेची नोंद करणे, गावठाण वाढीचा ठराव घेऊन तहसीलपर्यंत पाठपुरावा करणे, वनहक्क समितीची बैठक बोलावणे तिच्या हातात आहे. आणि हे ठराव कोणत्या ग्रामसभेत यावेत, तेही महत्त्वाचे. 26 जानेवारी आणि 1 मे रोजी वाडी भट्टीवर असते. 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ती गावात असते. जागेचा आणि प्राधान्ययादीचा विषय याच दोन सभांच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. त्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ठरवले तरी पुरते.

पुढील लेखांक : गावठाण वाढीचा प्रस्ताव कसा तयार होतो?