दार्बूंच्या आधी फाफ

शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट मोठी. असा काही ना काही विपर्यास कुठल्याच सपाट नकाशाला टळत नाही. संत्र्याची साल फाडल्याशिवाय टेबलावर सपाट बसत नाही, तशीच पृथ्वीही. गाउस यांनी १८२७ मध्ये याचं कारण दाखवलं : वक्रता पृष्ठभागाच्या अंगातच असते, इवल्याशा तुकड्यातही ती सापडते.

सिम्प्लेक्टिक भूमितीत मात्र कुठलाही लहान तुकडा बिनतक्रार सपाट होतो! इथे अंतर मोजत नाहीत. मोजतात ते स्थान आणि संवेग यांच्या जोडीचं क्षेत्रफळ. लंबक घ्या. आडव्या अक्षावर त्याचा कोन, उभ्या अक्षावर संवेग. सुरुवातीच्या किंचित वेगवेगळ्या स्थितींनी भरलेला एक चौकोन काढा. लंबक झुलू लागला की चौकोन कलतो, ताणला जातो, ओळखू येईनासा होतो. पण घर्षण नसेल तर त्याचं क्षेत्रफळ तसूभरही बदलत नाही.

हे क्षेत्रफळ मोजणारं अवकल रूप कितीही किचकट दिसो, योग्य निर्देशक निवडले की प्रत्येक बिंदूभोवती ते एकाच साध्या साच्यात बसतं : स्थान-संवेगाच्या जोड्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज. हेच गास्ताँ दार्बू यांचं १८८२ चं प्रमेय.

तुकड्यात काहीच वेगळेपण नाही, म्हणजे ते शोधायचं तर अख्ख्या अवकाशातच. ते किती विलक्षण असतं, हे मिखाईल ग्रोमोव्ह यांनी १९८५ मध्ये दाखवलं. नुसतं घनफळ राखायचं असेल, तर गोळा ताणून कितीही अरुंद नळकांड्यात घालता येतो. पण सिम्प्लेक्टिक नियम पाळायचे म्हटले, की स्थान-संवेगाच्या एका जोडीवर उभारलेल्या, गोळ्याहून अरुंद नळकांड्यात तो शिरतच नाही, मग नळकांडं अनंत लांब का असेना!

या साऱ्याचा पाया घातला योहान फ्रीडरिश फाफ यांनी. त्यांची ओळख सहसा गाउस यांच्या प्रबंधाचे मार्गदर्शक एवढ्यावरच आटोपते. पण १८१५ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे त्यांनी दाखवलं, की सम संख्येतल्या चलांचं अवकल समीकरण निम्म्या पदांत मांडता येतं. फाफ १८२५ मध्ये गेले. मग याकोबी, फ्रोबेनिउस आणि अखेर दार्बू यांनी तोच धागा पुढे नेला. दार्बूंनी तर निबंधाच्या शीर्षकातच फाफ यांचं नाव घातलं. तो मोठेपणा आपल्या पाठ्यपुस्तकांनीही दाखवावा : प्रमेय शिकवताना निदान एक ओळ फाफ यांच्यासाठी हवीच.